'एक धर्मयुद्ध' ते 'अधांतर' : संपाचा हक्क आणि संपाची किंमत

बीजसंज्ञा : संप, टाळेबंदी, प्रतिज्ञा, लवाद, प्रातिनिधिक संघटना, गिरणी कामगार, मराठी नाटक

प्रास्ताविक

सेवाग्राम आश्रमाच्या आवारात महादेव कुटी आहे. तेथे येणारा अभ्यागत महादेवभाई देसाई यांना गांधीजींचे सचिव आणि रोजनिशीकार म्हणून ओळखतो. परंतु याच महादेवभाईंनी गांधीजींच्या सहवासाच्या अगदी आरंभीच्या काळात, अहमदाबादच्या १९१८ मधील गिरणी कामगारांच्या लढ्यावर 'एक धर्मयुद्ध' नावाचे छोटेखानी गुजराती पुस्तक लिहिले, ही बाब मराठी अभ्यासकांच्या चर्चेत क्वचितच येते. गांधीविचारावर आपल्याकडे जे विपुल लेखन झाले आहे त्यात चंपारण आहे, खेडा आहे, मीठ आहे, चरखा आहे. संप मात्र तळटीपेपुरता उरतो. दुसऱ्या बाजूला मराठी साहित्यात गिरणी कामगाराचे चित्रण भरपूर आहे. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' पासून नारायण सुर्वे यांच्या कवितेपर्यंत आणि भाऊ पाध्ये यांच्या 'डोंबाऱ्याचा खेळ' पासून जयंत पवार यांच्या 'अधांतर' पर्यंत ही परंपरा दाखविता येते. तिची चर्चा मात्र बहुधा 'कामगार जीवनाचे दर्शन' या एकाच शीर्षकाखाली होते. संप ही घटना साहित्यकृतीत कशी मांडली जाते, तिचा हक्क कोणाकडे असतो आणि तिचे परिणाम कोणाच्या वाट्याला येतात, हे प्रश्न त्या शीर्षकाखाली झाकले जातात.

प्रस्तुत लेखात 'एक धर्मयुद्ध' हे वृत्तान्तपर पुस्तक आणि 'अधांतर' हे नाटक एकमेकांसमोर ठेवून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. दोन्ही कृतींचे वाङ्मयप्रकार भिन्न, भाषा भिन्न आणि काळातील अंतर सुमारे ऐंशी वर्षांचे. तरीही या तुलनेला आधार आहे. १९१८ च्या लढ्यातून जी कामगार संघटनेची पद्धती निर्माण झाली, तीच पुढे मुंबई प्रांताच्या कायद्यात शिरली. आणि १९८२ चा मुंबईतील गिरणी संप वेतनाइतकाच त्या कायद्याविरुद्धही होता. म्हणजेच पहिल्या कृतीतील उत्तर हे दुसऱ्या कृतीतील प्रश्नाचे एक मूळ आहे.

एका लढ्याची बखर

घटना थोडक्यात अशी. १९१७ मध्ये अहमदाबादेत प्लेगची साथ आली. कामगार शहर सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी विणकरांना प्लेग बोनस सुरू केला. काहींच्या बाबतीत तो वेतनाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत गेला होता. साथ ओसरल्यावर मालकांनी तो बंद करण्याचे ठरविले. महागाई मात्र ओसरली नव्हती. कामगारांनी पन्नास टक्के वाढ मागितली, मालकांनी वीस टक्के देऊ केली. गांधीजींनी चौकशी करून पस्तीस टक्के ही मागणी न्याय्य ठरविली. २२ फेब्रुवारी १९१८ रोजी टाळेबंदी झाली. मालकांचे नेतृत्व अंबालाल साराभाई यांच्याकडे होते, तर कामगारांच्या बाजूने त्यांच्या भगिनी अनसूयाबेन उभ्या होत्या. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा होई आणि रोज एक पत्रिका वाटली जाई. पत्रिकेवर नाव अनसूयाबेनचे असे, मजकूर गांधीजींचा.

महादेवभाईंच्या कथनाचे पहिले वैशिष्ट्य त्यांच्या शीर्षकातच आहे. 'धर्मयुद्ध' या शब्दाने संघर्षाचे स्वरूप आधीच ठरते : दोन्ही पक्ष एकाच नैतिक जगातले आहेत, शत्रुत्व तात्पुरते आहे आणि युद्धाच्या शेवटी दोघांनी पुन्हा एकत्र नांदायचे आहे. भाऊ मालकांच्या बाजूला आणि बहीण कामगारांच्या बाजूला, ही वस्तुस्थिती या मांडणीला जणू आयतीच मिळाली. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये 'गांधीज ट्रुथ' या ग्रंथाच्या केंद्रस्थानी हाच लढा ठेवला, यामागे त्यातील या कौटुंबिक ताणाचे आकर्षण मोठे होते, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु कौटुंबिक रूपक सोयीचे असते तितकेच फसवेही असते. कुटुंबात थोरल्याचा अधिकार गृहीत असतो. गिरणीत तो का गृहीत धरावा, हा प्रश्न हे रूपक विचारू देत नाही.

दुसरे वैशिष्ट्य प्रतिज्ञेचे. कामगारांनी पस्तीस टक्के मिळाल्याशिवाय कामावर न जाण्याची आणि काम बंद असताना दंगा, मारामारी, लूट न करण्याची शपथ घेतली. आत्मकथेत गांधीजींनी यशस्वी संपाच्या ज्या अटी सांगितल्या आहेत, त्यांत हिंसा नको, कामावर जाणाऱ्यांना त्रास नको, यांबरोबरच भिक्षेवर अवलंबून राहू नये आणि संपकाळात दुसऱ्या प्रामाणिक श्रमाने पोट भरावे, या अटीही आहेत. त्याप्रमाणे आश्रमाच्या विणाईशाळेच्या बांधकामासाठी नदीपात्रातून वाळू वाहण्याचे काम कामगारांना देण्यात आले. स्वतः अनसूयाबेन डोक्यावर टोपली घेऊन त्या रांगेत होत्या. हे चित्र भव्य आहे, यात शंका नाही. मात्र एवढ्या मोठ्या संख्येने बेकार झालेल्या विणकरांपैकी वाळू वाहून किती जणांचे पोट भरणार होते? स्वाभिमान आणि संपनिधी यांना परस्परविरोधी मानण्याची जी सवय भारतीय कामगार चळवळीच्या एका प्रवाहाला लागली, तिचा आरंभ येथे दिसतो. संप करावयाचा तर त्याचा खर्च कामगाराने एकट्याने, स्वतःच्या घरातून भागवावा, असा त्या अटीचा व्यावहारिक अर्थ होतो.

हा अर्थ कामगारांच्याही ध्यानात आला होता. १२ मार्चला मालकांनी वीस टक्के स्वीकारणाऱ्यांसाठी गिरण्यांचे दरवाजे उघडले आणि टाळेबंदीचे रूपांतर संपात झाले. सभेतील गर्दी ओसरू लागली. अशा वेळी कार्यकर्ते एका चाळीत कामगारांना सभेला बोलावण्यासाठी गेले असता त्यांना टोमणा ऐकावा लागला. त्याचा आशय असा की, अनसूयाबेन आणि गांधीजींचे काय जाते. ते मोटारीतून येतात, मोटारीतून जातात, पोटभर जेवतात. मरणयातना भोगतो आम्ही. महादेवभाईंनी हा टोमणा लपविला नाही. सचिवाने लिहिलेल्या वृत्तान्तात नायकाला उणे आणणारे वाक्य राहू देणे, हे या पुस्तकाचे सर्वांत मोठे वाङ्मयीन सामर्थ्य आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. बोलणाऱ्याचे नाव इतिहासात नाही. पण संपूर्ण लढ्याला वळण मिळाले ते त्याच्या बोलण्याने. १५ मार्चला गांधीजींनी उपोषण जाहीर केले. सभेसाठी मोटारीतून येणाऱ्या माणसाने उपाशी राहून स्वतःला त्या चाळीच्या पातळीवर आणले, असेही याकडे पाहता येईल.

उपोषण तीन दिवस चालले आणि १८ मार्चला समेट झाला. तो समेट मुळातून तपासण्यासारखा आहे. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांचीही राहिली. तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय येईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. लवाद म्हणून आनंदशंकर ध्रुव यांची नेमणूक झाली आणि त्यांनी पुढे पस्तीस टक्क्यांच्या बाजूने निर्णय दिला. या तडजोडीत प्रतिज्ञेचा शब्द राहिला, आत्मा नव्हे, हे गांधीजींनी कामगारांसमोरच मान्य केले. मालकांशी आपले निकटचे संबंध असल्याने आपल्या उपोषणाचे त्यांच्यावर दडपण आले, आणि हा त्या उपोषणातील गंभीर दोष होता, अशी कबुलीही त्यांनी आत्मकथेत दिली आहे. आपल्या विजयातील वैगुण्य इतक्या स्पष्टपणे नोंदविणारे नेतृत्व पुढील काळातील संपांना लाभले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

बाभळीखालून विधिमंडळाकडे

या लढ्यातून १९२० मध्ये अहमदाबादची मजूर महाजन ही संघटना उभी राहिली. वाटाघाटी, लवाद, शेवटचा उपाय म्हणून संप, ही तिची पद्धती. डिसेंबर १९४१ मध्ये सेवाग्रामहून बारडोलीला जाताना गाडीत लिहिलेल्या 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत गांधीजींनी देशातील सर्व कामगार संघटनांनी अहमदाबादचा नमुना घ्यावा, अशी इच्छा व्यक्त केली. ती इच्छा एका मर्यादित अर्थाने कायद्याने पूर्ण केली. मजूर महाजनचे चिटणीस राहिलेले गुलझारीलाल नंदा १९४६ मध्ये मुंबई प्रांताचे कामगारमंत्री झाले आणि त्यांच्या पुढाकाराने मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम संमत झाला. या कायद्याने एका उद्योगात, एका स्थानिक क्षेत्रात एकच 'प्रातिनिधिक संघटना' मान्य केली. तिने केलेला करार सर्वांवर बंधनकारक. तिच्याखेरीज कोणी संपाची हाक दिली तर तो संप बेकायदेशीर ठरण्याची वाट जवळजवळ निश्चित.

येथे एक सूक्ष्म पण निर्णायक बदल झाला. बाभळीखाली संघटनेचा अधिकार रोजच्या सभेवर अवलंबून होता. सभा ओसरली की नेत्याला उपाशी बसावे लागत होते. कायद्यात तो अधिकार नोंदवहीवर अवलंबून राहिला. टोमणा मारणाऱ्या कामगाराचे तोंड बंद झाले असे नाही, पण त्याचा टोमणा ऐकण्याची गरज उरली नाही. गांधीजींच्या पद्धतीतील जे जिवंत होते ते कायद्याने वगळले आणि जे सांगाडा होते ते कायम केले. यासाठी गांधीविचाराला संपूर्ण दोषमुक्त करता येईल का? प्रस्तुत लेखकाच्या मते नाही. मालक आणि कामगार यांचे हित अंतिमतः एकच आहे, हा विश्वस्तवृत्तीचा सिद्धान्त मान्य केला की अनेक संघटनांची, त्यांच्यातील मतभेदांची, किंबहुना संपाचीही गरज अपवादात्मक ठरते.

या मांडणीला सर्वांत मूलभूत आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३८ मध्येच घेतला होता. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने आणलेल्या औद्योगिक कलह विधेयकावर १५ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बोलताना त्यांनी मांडलेला युक्तिवाद आजही ताजा आहे. संप म्हणजे फार तर सेवेच्या कराराचा भंग. करारभंग ही दिवाणी चूक आहे, गुन्हा नव्हे. तिला शिक्षापात्र ठरविणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे, आणि त्यालाच गुलामगिरी म्हणतात. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असे ते म्हणाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला.

गांधीजींनी संपाचे मोजमाप कारणाच्या न्याय्यतेवर आणि आचरणाच्या शुद्धतेवर केले. आंबेडकरांनी ते व्यक्तीच्या कायदेशीर स्थानावर केले. पहिल्या दृष्टीत संप चांगला किंवा वाईट असू शकतो. दुसऱ्या दृष्टीत चांगला-वाईट हा प्रश्न नंतरचा. आधी तो करण्याची मोकळीक. आंबेडकरांची भूमिका संपाविषयी भाबडी मात्र नव्हती. १९२८ च्या मुंबईतील संपाच्या वेळी, विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नाही हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला होता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. ज्या खात्यात आपल्याला उभे राहू दिले जात नाही, त्या खात्यातल्या वेतनासाठी आपण उपाशी का राहावे, हा प्रश्न कोणत्याही प्रतिज्ञेपेक्षा जुना आहे. अहमदाबादचा १९१८ चा लढा मुख्यतः विणकरांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे 'एक धर्मयुद्ध' मधील एकजुटीच्या वर्णनाकडेही जरा सावधपणे पाहावे लागते.

'अधांतर' : न मागे घेतलेला संप

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे, घरभाडे व प्रवास भत्ता या मागण्या होत्याच. त्यांच्या जोडीला राष्ट्रीय मिल मजदूर संघाची एकमेव मान्यता आणि ती देणारा १९४६ चा कायदा रद्द व्हावा, हीही मागणी होती. वेतनाच्या मागण्यांवर तडजोड होऊ शकली असती. कायद्याच्या मागणीवर ती होऊ शकत नव्हती, कारण तिथे समोर केवळ गिरणीमालक नव्हते, शासनही होते. गिरणीमालकांना, विशेषतः जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या गिरण्यांच्या मालकांना, संप लांबण्याने फारसे बिघडत नव्हते, हे पुढे गिरण्यांच्या जमिनींचे जे झाले त्यावरून उघड झाले. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र शासनाने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. कामगार तुकड्या-तुकड्यांनी परतले, ज्यांना घेतले गेले नाही ते कोकणात, घाटावर गेले, भाजी विकू लागले, रखवालदार झाले. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. डॉ. सामंत १९८४ मध्ये लोकसभेवर निवडून गेले आणि १६ जानेवारी १९९७ रोजी त्यांची हत्या झाली.

त्याच १९९७ मध्ये 'अधांतर' रंगभूमीवर आले. जयंत पवार स्वतः गिरणगावात वाढलेले, गिरणी कामगाराचे पुत्र. नाटकात धुरी कुटुंबाची चाळीतली एक खोली आहे. वडील गेलेले. आई आहे, तीन मुलगे आहेत, एक मुलगी आहे. एका मुलाला लेखक व्हायचे आहे, एक क्रिकेटच्या गप्पांत आणि रिकामपणात दिवस काढतो, तिसरा नरू गुन्हेगारीच्या वाटेला लागतो. पहिल्या वाचनात एक गोष्ट जाणवते : संपावरील हे नाटक संप दाखवीत नाही. सभा नाही, भाषण नाही, मोर्चा नाही, मालक नाही. १९१८ च्या वृत्तान्तात जे जे पुढे होते ते सर्व येथे विंगेत गेले आहे, आणि तेथे ज्याला फक्त एका टोमण्याएवढी जागा मिळाली होती ते चाळीतले घर संपूर्ण रंगमंच व्यापून बसले आहे.

काही समीक्षक याला नाटकाचे अराजकीयत्व मानतात. नेते, मालक आणि शासन यांना रंगमंचाबाहेर ठेवल्याने दोष कोणाचा हा प्रश्न सुटून जातो आणि केवळ कुटुंबाची शोकान्तिका उरते, असा हा आक्षेप. तो पूर्णपणे नाकारता येत नाही. नरूचे पात्र जसजसे पुढे सरकते तसतसे नाटक टोळीच्या ओळखीच्या कथेकडे झुकते, आणि महेश मांजरेकर यांच्या 'लालबाग परळ' (२०१०) या चित्रपटात तर हा झोत आणखी वाढला आहे. पण नाटकाच्या रचनेकडे पाहिले तर या आक्षेपाचे दुसरे उत्तर मिळते. संपाचे परिणाम संप संपल्यावर सुरू होत नाहीत. येथे तो संपतच नाही. 'अधांतर' हा शब्द पात्रांच्या मनःस्थितीला लागू पडतो तितकाच त्या संपाच्या कायदेशीर स्थितीलाही लागू पडतो. कामावरून काढलेला नाही आणि कामावरही नाही; संपावर आहे म्हणावे तर संप कुठे आहे? अशा अवस्थेत वाढलेल्या मुलांना काम म्हणजे काय हेच ठाऊक नसते. ही मुले आळशी नाहीत, त्यांना कामाचा वारसाच मिळाला नाही, हे पवारांनी कोणतेही भाष्य न करता दाखविले आहे.

आईच्या पात्राकडे या संदर्भात विशेष लक्ष द्यावयास हवे. १९१८ च्या वृत्तान्तात कामगारांच्या बायका जवळजवळ दिसत नाहीत. अनसूयाबेन आहेत, पण त्या मालकाच्या घरातल्या. गिरणगावचा वास्तव इतिहास निराळा आहे. गिरणी कामगारांच्या खानावळी चालविणाऱ्या बायकांनी प्रत्येक संपात उधारीवर माणसे जगविली. १९७४ च्या बेचाळीस दिवसांच्या संपाने त्यांचे कंबरडे मोडले, आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच अनुभवातून. संपनिधी नावाची जी गोष्ट संघटनांच्या हिशेबात नव्हती ती प्रत्यक्षात अस्तित्वात होती. ती या बायकांच्या डब्यांत आणि गावाकडून येणाऱ्या तांदळात होती. 'अधांतर' मधील आई संपाविषयी मत देत नाही. ती घर चालवते. संपाचा खर्च कोणी भागविला या प्रश्नाचे उत्तर ती रंगमंचावर असेपर्यंत आपल्या समोर असते.

मराठी कामगार साहित्यातील एक उणीवही येथेच नोंदवावी लागेल. १९४६ चा कायदा, प्रातिनिधिक संघटनेची नोंदवही, तडजोड अधिकाऱ्याचे कार्यालय, कामगार न्यायालयातली वर्षानुवर्षांची तारीख, ही संपाची खरी रणभूमी आपल्या कथा-नाटकांत अभावानेच येते. भाऊ पाध्ये यांनी कामगार संघटनेचे जग आतून पाहिले होते आणि 'डोंबाऱ्याचा खेळ' मध्ये त्या जगाला कादंबरीत जागा दिली. पण ती वाट पुढे रुळली नाही. आपल्या लेखकांना संपातील लाल झेंडा दिसतो, टाळे दिसते, चूल दिसते. कागद दिसत नाही. दस्तऐवजाला वाङ्मयीन मूल्य नसते, या समजुतीचा हा परिणाम असावा. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडून संकलित केलेला इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत आणि नंतर मराठीत आला. त्यात ही कागदाची लढाई माणसे किती बारकाव्याने सांगतात, हे पाहिले की ललित लेखनातील मौन अधिकच बोचते.

न्यायालय आणि आपण

भारतीय न्यायव्यवस्थेत संपाचे स्थान चमत्कारिक आहे. संघटना स्थापन करण्याचा हक्क मूलभूत, पण त्यातून संपाचा मूलभूत हक्क निघत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात म्हटले. केवळ बेकायदेशीर संपात भाग घेतला एवढ्यावरून सरसकट बडतर्फी करता येणार नाही, असा उदार सूर १९७९ च्या गुजरात स्टील ट्यूब्स प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी लावला. १९९० च्या केलावाला प्रकरणात काम नाही तर वेतन नाही हे तत्त्व पक्के झाले, आणि १९९४ मध्ये संप कायदेशीर आणि समर्थनीय असा दोन्ही असेल तरच संपकाळातील वेतन, असे सांगण्यात आले. २००३ च्या रंगराजन निर्णयाने शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक वा नैतिकही हक्क नाही, असे म्हटले. पहिले दोन शब्द कायद्याचे आहेत. 'नैतिक' हा तिसरा शब्द न्यायालयाने का उच्चारावा, हे कळत नाही. नैतिकतेचा निवाडा १९१८ मध्ये बाभळीखालच्या सभेत होत होता, आणि तोही ऐकणाऱ्यांना उठून जाण्याची मुभा ठेवून.

हे सारे आपल्याशी, म्हणजे महाविद्यालयीन शिक्षकांशी, संबंधित नाही असे कोणी म्हणू नये. २०१३ मध्ये राज्यातील प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. अध्यापन चालू होते, केवळ परीक्षाविषयक काम बंद होते, असे संघटनेचे म्हणणे. तरी एकाहत्तर दिवसांचे वेतन रोखले गेले आणि तो वाद न्यायालयात दीर्घकाळ चालला. अंशतः काम, अंशतः बहिष्कार यांचे वेतनाच्या दृष्टीने काय करायचे, हा केलावाला प्रकरणातलाच प्रश्न. प्रस्तुत लेखक त्या वर्षी पदव्युत्तर वर्गाचा विद्यार्थी होता. परीक्षा कधी, निकाल कधी, पुढचा प्रवेश कधी, याची चिंता करीत वसतिगृहात बसलेल्या आम्हा मुलांच्या तोंडी प्राध्यापकांविषयी जे शब्द होते ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. त्यांचा आशय मात्र अहमदाबादच्या त्या चाळीतल्या टोमण्यापेक्षा वेगळा नव्हता. त्या बहिष्कारात नेट-सेट नसलेल्या शिक्षकांच्या सेवेचा प्रश्न होता, वेतनाच्या थकबाकीचा होता, हे आम्हाला कोणी वर्गात येऊन सांगितले नाही. १९१८ मध्ये रोज एक पत्रिका निघत होती. शिकविणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी आपल्या संपाचे कारण आपल्याच विद्यार्थ्यांना समजावून सांगू नये, हे आज त्याच व्यवसायात आल्यावर अधिक खटकते.

२०२१-२२ मधील एस. टी. कर्मचाऱ्यांच्या संपाचे स्वरूप याहून तीव्र होते. शासनात विलीनीकरणाची मागणी, मान्यताप्राप्त संघटनेला बाजूला सारून आगारा-आगारांतून उभे राहिलेले आंदोलन, निलंबन आणि बडतर्फीच्या नोटिसा, आणि अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्यास दिलेली मुदत. मान्य संघटना एकीकडे आणि कर्मचारी दुसरीकडे, ही १९८२ चीच आकृती होती. वर्धा जिल्ह्यासारख्या ठिकाणी, जिथे खेड्यातला विद्यार्थी एस. टी. ने महाविद्यालयात येतो, तिथे त्या महिन्यांतल्या वर्गातील रिकाम्या बाकांनी संपाची किंमत कुठवर पोचते हे दाखवून दिले. कर्मचाऱ्याच्या घरातली मुलेही त्याच बाकांवर बसणारी होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. एकावन्न टक्के सदस्य असलेल्या संघटनेला एकमेव वाटाघाटीकार म्हणून मान्यता, कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस, तडजोडीची कार्यवाही चालू असताना संपास बंदी आणि पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी संगनमताने घेतलेली नैमित्तिक रजा हाही संपच, अशा तिच्या तरतुदी आहेत. बेकायदेशीर संपात सामील होणाऱ्या कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदवहीवरचा टक्का वाढला, हे १९४६ च्या तुलनेत बरे झाले असे म्हणता येईल. निदान अल्पमतातील संघटना सर्वांच्या नावाने सही करू शकणार नाही. पण आंबेडकरांनी १९३८ मध्ये ज्या मुद्द्यावर बोट ठेवले होते, दिवाणी करारभंगाला फौजदारी गुन्हा का करावे, तो मुद्दा सत्त्याऐंशी वर्षांनंतर जसाच्या तसा पुढे आला आहे. संपनिधीविषयी, म्हणजे संप चालू असताना कामगाराच्या घरी चूल कशी पेटेल याविषयी, कायद्याने कधी काही म्हटले नव्हते, संहितेनेही म्हटलेले नाही. आपल्या शिक्षक संघटनांच्या वार्षिक हिशेबातही त्या नावाचे शीर्ष आढळत नाही.